पडद्याकडे तोंड

"पडद्याला नव्हे, आम्हाला सांग," असे बाई आज वर्गात शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी प्रोजेक्टर बंद केला, तेव्हा सक्तीच्या शिक्षणावरचे माझे सादरीकरण जेमतेम तिसऱ्या स्लाइडपर्यंत आले होते.

हातातल्या कागदाची कडा घामाने ओली झाली होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदा संस्थानात लागू केला, ही वाक्ये मला तोंडपाठ होती. पण समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून ती म्हणवेनात. अखेर मी पणजीविषयी बोलू लागले. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारी ती पहिली बाई. मागच्या बाकावरच्या मैत्रिणीने हातातला मोबाइल खाली ठेवला. ते मला स्पष्ट दिसले, कारण मी प्रथमच तिकडे पाहत होते.

घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलणारी आम्ही बडोद्याची मुले शब्दांसाठी कधी अडत नाही, असे मला मनापासून वाटत असे. मग चार लोकांसमोर उभे राहताच, ऐकणारा माणूसच आपल्या नजरेतून कसा निसटतो?