बट म्हणजे बाहेर

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. आठवीला जे सर आले त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं पाहिलं की ते अवघडायचे.

एकदा गृहपाठाची वही घरी राहिली. "बट सर..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तूच म्हणालास ना? मग हो."

मला कळेना.

"अरे, बट म्हणजे बाहेर. चल, व्हरांड्यात."

वर्ग खिदळला. मला दारातच उभं करून सरांनी फळ्यावर मूळ शब्द लिहिला. जुन्या इंग्रजीतला 'बूटान', म्हणजे बाहेरच्या बाजूला. जो बाहेर तो वगळलेला, म्हणून 'ऑल बट वन' म्हणजे एक सोडून सगळे. 'पण' हा अर्थ त्यातूनच पुढे निघाला. स्कॉटलंडमध्ये दोन खोल्यांच्या घराला 'बट अँड बेन' म्हणतात. बाहेरची खोली बट, आतली बेन. "आपली ओसरी आणि माजघर समजा!" आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. त्या दिवसापासून ओसरीवर गहू निवडत बसलेल्या आजीला मी 'बटमधली आजी' म्हणू लागलो. तिला तो शब्द काही फारसा सभ्य वाटला नाही.

वहीत मात्र बटनेच मला छळलं. 'दो'ने, म्हणजे इंग्रजी 'जरी'ने, वाक्य सुरू केलं की मधे 'बट' लिहायचोच, आणि सरांची लाल रेघ यायचीच. मराठीत 'जरी' आला की मागोमाग 'तरी' हवाच. इंग्रज काटकसरी, 'दो' आणि 'बट' यांतल्या एकालाच कामाला ठेवतो. (पेठेत राहून हे मला आधीच उमजायला हवं होतं.)

आपला 'पण' संस्कृतातल्या 'पुनः'वरून आला, हेही सरांनीच सांगितलं. 'मी पण येतो' म्हणताना तो माणसं जोडतो, 'येतो, पण उशिरा' म्हणताना मोडता घालतो. "त्यांचा बट बाहेर जातो, आपला पण परत येतो," असं म्हणून त्यांनी मला आत घेतलं.

माझा बाक शेवटून दुसरा, सरांच्या भाषेत 'लास्ट बट वन'. गेल्या महिन्यात शाळेच्या स्मरणिकेसाठी फोटो द्यायला आलो तेव्हा वर्गात डोकावलो. बाक गेले, खुर्च्या आल्यात. बसलो नाही. व्हरांड्यातच थोडा वेळ उभा राहिलो.