पहिली विहीर आणि आमची वाटचाल

आमचा व्यवसाय मड लॉगिंगचा. रिगवर तेलाच्या विहिरीची खोदाई चालू असताना चिखलासोबत वर येणारे खडकाचे तुकडे धुवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, अतिनील दिव्यात तेलाची चमक येते का ते तपासायचं, गॅस मोजायचा आणि खोलीनुसार सगळं नोंदवायचं. समुद्रातल्या रिगवर हे काम शिकलो आणि पनवेलला स्वतःचं युनिट उभं केलं. मोठ्या निविदा आमच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. खंभातच्या खोऱ्यात एखादा ब्लॉक, म्हणजे तेल शोधायला दिलेला पट्टा, घेतलेल्या छोट्या कंपन्यांनी आम्हाला काम दिलं.

या कंपन्यांकडे पैसा जेमतेम एक-दोन विहिरींपुरता असतो, म्हणून त्यांना मोठा भागीदार हवा असतो. मोठी कंपनी हिस्सा घेते आणि त्या बदल्यात छोटीच्या वाट्याचा खोदाईखर्चही उचलते. आमच्या धंद्यात याला फार्म-इन म्हणतात. पण बऱ्याच बड्या कंपन्या पहिली विहीर होईपर्यंत लांबूनच बघतात. युगांडात आल्बर्ट सरोवराकाठी २००६ मध्ये तेल लागलं ते हार्डमन, टलो अशा छोट्यांना. टोटाल आणि चीनची सीनूक २०१२ मध्ये आल्या, तेव्हा त्यांनी टलोला हिश्शापोटी २.९ अब्ज डॉलर मोजले. आपल्या बाडमेरमध्ये उलटं झालं. बड्या शेलने २००२ मध्ये उरलेला हिस्सा छोट्या केर्न कंपनीला विकला आणि जानेवारी २००४ मध्ये केर्नला तिथेच मंगला हे तेलक्षेत्र सापडलं.

आमच्या एका ग्राहकाची विहीर कोरडी निघाली, तरी एका मोठ्या कंपनीचे भूवैज्ञानिक डेटा रूममध्ये, म्हणजे विहिरीच्या नोंदी आणि नमुने बघायला ठेवतात त्या खोलीत, आले. अहवालाआधी त्यांनी नमुन्यांची पाकिटं उघडली आणि विचारलं, लॅग टाइम कसा तपासलात? तळाचा तुकडा वर यायला लागणारा हा वेळ चुकला की पाकिटावरची खोलीच खोटी ठरते. आम्ही पाइपमध्ये तांदूळ सोडतो, वर चिखल गाळणाऱ्या शेकरवर तो कधी दिसतो ते बघतो आणि खाली जायचा वेळ वजा करतो. कधी कार्बाइड टाकून त्याचा गॅस पकडतो. प्रत्येक चाचणीची तारीख-वेळ वहीत होती. ती वही त्यांनी पानोपान वाचली. त्या दिवसापासून आमच्या कामाकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागलो. कोरड्या विहिरीतही विकण्याजोगी गोष्ट असते, ती म्हणजे नेमकी नोंद. तेलाचा अंश कुठल्या थरात, किती फिकट, हे कळलं तर पुढची विहीर कुठे घ्यायची ते ठरतं.

एका मालकाने 'शो', म्हणजे नमुन्यात दिसलेला तेलाचा अंश, जरा ठळक लिहा असा आग्रह धरला होता. भागीदार खेचायची घाई मला समजत होती, पण ते काम आम्ही सोडलं. पैशाची ओढाताण झाली. नंतर कामं मिळाली ती आमच्या वह्या वाचलेल्या लोकांकडूनच.

२०१६ पासून तेल-गॅस सापडलेल्या लहान क्षेत्रांच्या सरकारी लिलावफेऱ्या निघू लागल्या, तसे या क्षेत्रात नवे मालक आले. त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगतो, नमुन्यांचा दुसरा संच बाजूला ठेवा आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.