रिक्षात चढवतलो कोण?

सिंधुदुर्गातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. पुढच्या कामाचा आराखडा वेळोवेळी भरावा लागतो, आम्ही त्याला पीआयपी म्हणतो. गरोदर माता किती, लसीकरण किती, उपकेंद्रातली बाळंतपणं किती. यंदा बाळंतपणांचा रकाना भरायला बसलो तर लिहिण्याजोगं फारसं नव्हतंच. म्हटलं, जरा वाड्यांवर फिरून येऊ.

आशाताईंबरोबर गेलो ती वाडी डोंगरावर. गाडी खालीच ठेवायची, पुढे जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी. अर्ध्याअधिक घरांना कुलूप. चतुर्थीला मुंबईकर आले की ती उघडतात. एरवी उघडी असतात ती म्हाताऱ्यांची.

अशाच एका घरात आजोबा पडवीतल्या खाटेवर होते. प्रोस्टेटमुळे लघवीची नळी लावलेली. साधी रबरी नळी तीन-चार आठवड्यांत बदलावी लागते, ही दोन महिने तशीच होती. पिशवीतली लघवी गढूळ, अंगात कणकण. बदलायला का नेलं नाही, असं मी विचारलं. रिक्षाभाड्याची काही सोय करता येईल का, हा हिशेब मनात चाललेलाच होता. आजींनी तो तिथंच निकालात काढला.

"रिक्षेचे पैशे झील मुंबयसून धाडता, डॉक्टर. पण ह्येंका घाटयेवरसून खाली हाडतलो कोण, नि रिक्षात चढवतलो कोण?"

शेजारचं घर बंद, त्यापलीकडच्या काकू स्वतःच सत्तरीच्या. केंद्रातून सिस्टरना सामान घेऊन बोलावलं आणि नळी तिथंच बदलली. लघवीचा नमुना घेतला, औषधं सुरू केली. काम अर्ध्या तासाचं.

उतरल्यावर गाडीत बसून आशाताईंचे सी-बॅक फॉर्म, म्हणजे घरोघरी विचारून भरायच्या आरोग्याच्या प्रश्नावल्या, चाळले. साठीपुढच्या माणसांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत : उभं राहताना, चालताना तोल जातो का, अपंगत्वामुळे हालचाल अडते का, जेवण-आंघोळ-शौचाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. ताईंनी घरोघरी बसून सगळं भरलेलं. पण त्यातून वर जायची ती बीपी-शुगरची यादी. मदत लागण्याच्या त्या तिसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणणारे किती, हे आराखड्यात लिहायला जागाच नाही.

खरी मेख निकषात आहे. डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोकी मोजायची, वय नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची होती, ती लांबली. तरुण मुंबई-पुण्याला गेला की कागदावर आमचा भार हलका होतो. प्रत्यक्षात मागे राहिलेल्या प्रत्येक माणसामागचं काम वाढतं.

तालुक्याच्या बैठकीत हेच मांडलं. "लोकं कमी होतायत आणि तुम्ही जास्त मागताय?" असा प्रश्न आला. साहजिकच होता. उत्तर म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांची वाडीवार यादी पुढे ठेवली. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि त्यात घरभेटी धरलेल्या आहेत, त्यामुळे मी काही जगावेगळं मागत नव्हतो. गाडीच्या इंधनाला होकार मिळाला. महिन्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट मागितला होता, तो मात्र कापला गेला. पुन्हा मागणार आहे.

आता दर गुरुवारी सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी यादीप्रमाणे फिरतात. नळी बदलणं, पाठीच्या जखमांचं ड्रेसिंग, गोळ्या मोजून देणं. त्या सत्तरीच्या काकूंना आजोबांना कुशीवर वळवायचं कसं, तेही सिस्टरनी शिकवलं.

पावसात मात्र ती घाटी शेवाळते. म्हणून जूनच्या आधी सिलिकॉनच्या नळ्या मागवल्यात, त्या तीन महिन्यांपर्यंत चालतात.