मस्टरवर नसलेले कामगार

आज परळला आयटकच्या (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस या कामगार संघटनेच्या) एका मेळाव्याला गेलो होतो. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईतच, लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या या संघटनेच्या उभारणीत कामगार नेते ना. म. जोशी यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या नावाच्या लोअर परळमधील रस्त्यालगत आता गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे आहेत. केंद्र सरकारच्या चार श्रमसंहितांवरची, म्हणजे नव्या कामगार कायद्यांवरची, भाषणे अपेक्षितच होती आणि खरे सांगायचे तर काही फारच लांबली.

मात्र एका तरतुदीवरील चर्चा मला महत्त्वाची वाटली. त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेनुसार, आस्थापनेत अनेक संघटना असल्यास तिच्या मस्टरवरील (हजेरीपटावरील) किमान ५१ टक्के कामगार जिच्या बाजूने असतील, तिलाच वाटाघाटींचा एकमेव अधिकार मिळतो. परंतु ज्यांची नावे ठेकेदाराच्या मस्टरवर आहेत, त्यांचे काय? शेजारी बसलेल्या सफाई कामगार ताई म्हणाल्या की, ठेकेदार बदलला की जागा तीच, झाडू तोच, पण नोकरी मात्र नव्याने धरली जाते आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांपासून लागू होणे, हा व्यासपीठावरचा मुख्य मुद्दा त्यांच्यापासून बराच दूर होता. त्यांच्यासारख्यांची सभासदनोंदणी कशी वाढवणार, यावर कोणीही ठोस बोलले नाही.