होमलॅब अपडेट: पाचवं मशीन एका टिंबामुळे अडलं होतं

सापडलं एकदाचं! मागच्या वेळी सांगितलं होतं ना, अन्सिबलचं (एका जागेवरून अनेक मशीनवर कामं चालवणारं टूल) अपग्रेड प्लेबुक, म्हणजे कामांची यादी, घरच्या चार मशीनवर सरळ चालतं आणि बॅकअपवाला मिनी पीसी दर वेळी "मिसिंग सुडो पासवर्ड" (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) म्हणून लाल होतो, त्यात तीन रविवार गेले.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं आहेच, उबंटूवर उबंटू, जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पाय (2022 पासून रास्पबेरीवाल्यांनी तो डिफॉल्ट युजर काढला, म्हणून नव्या पायवर माझं नाव), प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टीम) थेट रूट, ते सगळं होस्ट व्हार्समध्ये (प्रत्येक मशीनच्या सेटिंग्ज) नीट भरलेलं. एसएसएच (दुरून लॉगिन) लागतंय, पिंग हिरवं, अडतंय फक्त सुडो. सुडोअर्स डॉट डी (सुडोच्या नियमांचं फोल्डर) मध्ये फाइल जागच्या जागी, परमिशन 0440, पासवर्ड न विचारण्याची (नोपासवर्ड) ओळ बाकीच्यांसारखीच, आणि ती फाइल बनवणाऱ्या टेम्प्लेट टास्कमधलं व्हिसुडोचं (सुडोच्या फाइली तपासणारी कमांड) व्हॅलिडेटसुद्धा पास!

शेवटी मशीनलाच मॉनिटर लावून व्हिसुडो -सी चालवलं. "पार्स्ड ओके" च्या यादीत रीडमीचं नाव होतं, माझ्या फाइलचं नव्हतं. तो रीडमी उघडला तर त्यातच लिहिलंय, नावात टिंब असलेल्या किंवा ~ ने संपणाऱ्या फाइली सुडो वाचत नाही. माझा टास्क फाइलला अकाउंटचंच नाव देतो आणि इथलं अकाउंट आहे "घर.बॅकअप". व्हॅलिडेट तपासतं ती टेम्पररी कॉपी, तिथे नावाचा प्रश्नच येत नाही, म्हणून ते पास होत राहिलं.

फाइलचं नाव सगळीकडे "90-देखभाल" केलं, एकदा मोठा के (सुडो पासवर्ड विचारणारा पर्याय) देऊन पासवर्ड टाकला आणि पुन्हा रन मारला. रीकॅपमध्ये पाचही ओळींना फेल्ड शून्य! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पायवर मात्र एसडी कार्डवर फुल-अपग्रेड फार रेंगाळतं, जमेल त्याने यूएसबी एसएसडीच लावावी.

पुढे रीबूटचा टास्क जोडणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय आधी सगळीकडे "देखभाल" नावाचं एकच अकाउंट करावं, जुनी लॉगिनं फक्त पहिल्या रनपुरती. मग सीरियल 1 (एका वेळी एकच मशीन), आणि पाय-होल (घरचं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावांचे पत्ते शोधून देणारं) सगळ्यात शेवटी, नाहीतर तो रीबूटला गेला की डीएनएस जातं आणि बाकीच्यांचं एपीटी (अपडेट उतरवणारी कमांड) मध्येच लटकतं. आज रात्री युजरचा टास्क लिहायला घेतो.