ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे, कधीची लिहायची होती. मी यवतमाळ जिल्ह्यात पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. रोज बाटल्या येतात, त्यावर गावाचं नाव, विहीर की बोरिंग, तारीख, आम्ही तपासतो, आकडा लिहितो, रिपोर्ट जातो. प्रत्यक्ष गावात जाणं क्वचितच होतं. पण पांढरकवड्याकडच्या एका गावातून अर्ज आला होता की गावातली जुनी विहीर खराब आहे, पाणी गढूळ आहे, पाला पडतो, कबुतरं बसतात, तर तपासून द्या म्हणजे ती बुजवता येईल. सोबत लिहिलं होतं की बोरिंगचं पाणी एक नंबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

ही शेवटची ओळ वाचून मी सॅम्पल मागवण्याऐवजी स्वतःच निघाले. कारण त्या बोरिंगचं नाव मला आठवत होतं, आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये फ्लोराइडच्या यादीत ते होतं. फ्लोराइड म्हणजे जमिनीतून पाण्यात उतरणारा क्षार, जास्त झाला की वर्षानुवर्षांनी दात आणि हाडं खराब करतो.

सकाळी दहालाच ऊन असं की डोक्यावरचा दुपट्टा गरम लागत होता. गावातल्या आशाताई आणि पाण्यात टीसीएल म्हणजे जंतू मारायची ब्लिचिंग पावडर टाकणारे जलसुरक्षक दादा सोबत होते. आधी बोरिंगवर गेलो. सात-आठ बाया, पाण्याचे गुंड, कॅन, पोट्टे, सगळे तिथेच. पंपाच्या दांड्याजवळ लाल रंग होता, बराचसा उडालेला, आणि त्यावर हळदकुंकू वाहिलेलं, खाली नारळाची करवंटी. मी विचारलं हा लाल रंग कोणी मारला. एक बाई म्हणाली, "साहेब लोक आले होते बाप्पा मागं, तेच मारून गेले. आमाले बी बरं वाटलं, पाण्याच्या जागेले लाल पायजेच."

मला तिथेच कसंतरी झालं. तो रंग हे पाणी पिऊ नका म्हणून मारलेला होता. लाल म्हणजे धोका हे आम्ही ऑफिसात ठरवलं, गावात लाल म्हणजे शेंदूर, कुंकू, म्हणजे जागा पवित्र. कोणी समजावून सांगितलंच नाही, रंग मारला आणि गाडी निघून गेली. इतकी वर्षं त्या बाया त्या खुणेची पूजा करून तेच पाणी भरत होत्या.

मी पर्समधून किट काढलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, साधी छोटी नळी असते, त्यात पाणी घ्यायचं आणि औषधाचे थेंब टाकायचे. रंग गुलाबी राहिला तर फ्लोराइड कमी, पिवळा होत गेला तर जास्त. भारतीय मानकात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे. बोरिंगच्या पाण्याचा रंग बघता बघता पिवळा झाला. मग विहिरीवर गेलो, ती खरंच दिसायला वाईट होती, कठडा फुटलेला, पाण्यावर कडुनिंबाची पानं. तिचं पाणी गुलाबीच राहिलं.

मी दोन्ही नळ्या घेऊन बोरिंगवर परत आले आणि सांगितलं की हे पाणी प्यायला वाईट आहे, विहिरीचं या बाबतीत चांगलं आहे. कोणी भांडलं नाही, कोणी हसलंही नाही. फक्त एक म्हातारी माय उठली, माझा हात धरला आणि म्हणाली, "चाल माह्या घरी."

घरी चुलीवर दोन गंज, म्हणजे पातेली, होते. मायनं विहीर बुजवायला लागणार म्हणून मुद्दाम मांडून ठेवलं होतं की काय माहीत नाही, पण एकात बोरिंगचं पाणी आणि दुसऱ्यात विहिरीचं, दोन्हीत तुरीची डाळ. बोरिंगच्या पाण्यातली डाळ पूर्ण फुटून एकजीव झालेली. विहिरीच्या पाण्यातले दाणे तसेच टनक. तिनं एक दाणा माझ्या बोटावर ठेवला, दाब म्हणाली. दाबला नाही गेला. "आता सांग बाई, कोणतं पाणी चांगलं? या पाण्यात दाय शिजते, साबणाले फेस येते, पोट जड होत नाई. त्या इहिरीचं जड पाणी कायले पाजू मी पोराईले?"

मी पाच मिनिटं काहीच बोलू शकले नाही, कारण तिचा प्रयोग बरोबर होता. जिथं जमिनीखालच्या पाण्यात कॅल्शियम कमी असतं आणि सोड्यासारखे क्षार जास्त असतात तिथं डाळ पटकन शिजते आणि साबण फेसाळतो. आणि त्याच पाण्यात फ्लोराइडही विरघळून राहतं, कारण कॅल्शियम भरपूर असलं तर ते फ्लोराइडला बांधून खाली बसवतं, कमी असलं की ते मोकळं सुटतं. सगळीकडे असंच असतं असं नाही पण बऱ्याचदा असतं. म्हणजे ज्या खुणेवरून पिढ्यानपिढ्या पाणी चांगलं म्हणून ओळखलं तीच खूण इथं उलटी पडत होती, आणि या मायला अडाणी म्हणायचा मला काय अधिकार. तिनं डोळ्यानं, जिभेनं, पोटानं, चुलीवर असं चार प्रकारे पाणी तपासलं होतं. फ्लोराइडला रंग नाही वास नाही चव नाही, यातली एकही तपासणी त्याला पकडत नाही.

मी तिला हे सांगायचा प्रयत्न केला, आकडा सांगितला, मानक सांगितलं. ती ऐकत होती पण तिचे डोळे डाळीवर होते. बाहेरच्या एका माणसानं विचारलं, "उकळून पेलो तं?" मी म्हटलं दादा, उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की उरलेल्यात ते जास्त होतं. टीसीएलनंही जात नाही. तो म्हणाला, मग माझे वडील याच पाण्यावर पंच्याहत्तरचे झाले. वडील ओट्यावरच बसले होते. आशाताईंनी त्यांना सहज म्हटलं, बाबाजी हनुवटी छातीला लावून दाखवा बरं. नाही लागली. मान अर्ध्यावरच थांबली. हात डोक्यामागे न्या म्हटलं तर तेही अवघड गेलं. बाबाजी शांतपणे म्हणाले, "जलमभर ओझं वाह्यलं जी, मान आखडनच." तेही खोटं नाही, म्हणूनच हे इतकं कठीण आहे. गुडघे दुखले की कामामुळे, पाठ वाकली की वयामुळे, मान आखडली की ओझ्यामुळे, आणि खरंच त्यानंही होतं. पाण्याचं नाव कोणाच्या डोक्यात येत नाही कारण पाणी आज प्यालं आणि उद्या दुखलं असं नसतं, वीस-तीस वर्षं लागतात. मी डॉक्टर नाही, म्हणून काही ठरवून सांगितलं नाही, फक्त ग्रामीण रुग्णालयात एक्सरे आणि लघवीची तपासणी करून घ्या एवढं आशाताईंकडे दिलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत शेतात काम करणारा माणूस थंड गावातल्या माणसापेक्षा किती तरी जास्त पाणी पितो. पाण्यातला आकडा तोच, पण पोटात जाणारं जास्त. माझ्या मते रिपोर्टमध्ये हे कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे.

मी उठतच होते, तेवढ्यात दारात उभी असलेली मायची सून बोलली. एवढा वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. तिनं विचारलं, "मॅडम, दाताचे डाग यानंच होते का?" मी हो म्हटलं, पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, हे पाणी पोटात गेलं की पांढरे मग पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि घासून जात नाहीत. ती आत गेली आणि तीन पोरांना घेऊन आली. मोठा चौदाचा, दात स्वच्छ. दोघं लहान, वरच्या दातांवर तपकिरी पट्टे. ती म्हणाली, "हा मोठा आठ वर्षांचा होईलोक माह्या माहेरी होता, आजीजवळ. हे दोघं इथंच वाढले. मी म्हणो याईले दात घासाचा आळस हाय, मारत होती मी याईले त्याच्यासाठी." आणि लहान मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

किटनं जे झालं नाही ते त्या एका वाक्यानं झालं. बाहेरच्या बाया आपापल्या पोरांचे दात आठवायला लागल्या, कोणाचं लेकरू कुठं वाढलं, कोणती सून कोणत्या गावची. कोणीतरी म्हणालं की आपल्या गावचे दात असेच म्हणतात सगळे, सोयरीक जमवताना तेवढं बोलतात. मी फक्त ऐकत होते.

मायनं मात्र सरळ विचारलं, मग दाय कशी शिजवू. आणि मला वाटतं तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता, ज्याचं उत्तर आमच्या एकाही पत्रकात नाही. आपल्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड कमी करायची नालगोंडा पद्धत काढली आहे, पण ती नीट प्रमाण मोजून करायची असते, घरात अंदाजानं नाही. मी म्हटलं माय, विहिरीच्या पाण्यात डाळ रात्री भिजत घाल, शिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाक. प्यायला आणि रांधायला विहीर, कपडे-भांडी-आंघोळीला बोरिंग. ती म्हणाली, "पायतो. शिजली तं शिजली." जाताना मी बघितलं, तिनं खरंच तूर भिजत घातली होती.

विहीर बुजवू नका असं लेखी दिलं. पण गावाचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं हेही लिहायला पाहिजे. जंतूंसाठीची बाटली मी विहिरीवरून भरून आणली होती, ती दुसऱ्या दिवशी काळी झाली. म्हणजे पाणी दूषित. लॅबच्या मशीनवर बोरिंगचं फ्लोराइड 3.4 आलं, विहिरीचं 0.6. मी लगेच जलसुरक्षक दादांना फोन केला, टीसीएल टाका, ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरिन उरलंय का बघा, कठडा बांधायचा आणि जाळी टाकायची ग्रामपंचायतीत मांडा, तोपर्यंत उकळूनच प्या.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, कालच तं तुमी म्हटलं ना इहीर चांगली हाय म्हणून? आता मी गावाले काय सांगू?"

मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, जंतू वेगळे, फ्लोराइड वेगळं, एकावर इलाज घरात आहे, दुसऱ्यावर नाही. वीस मिनिटं झाली असतील. शेवटी ते म्हणाले, तुमीच या ना एकदा, मायच्या घरी बसून सांगा, तिथं सगळे येतात. मी रविवारची तारीख दिली.