कम्युनिटी कॉलेजमधून यूसीच्या बायोलॉजीला: आधी केमिस्ट्रीची रांग लावा

कॅलिफोर्नियात दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला काढायची आणि तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत, जायचं हा रस्ता बे एरियातल्या मराठी घरांना आता नवा राहिलेला नाही. मी कुपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजमधून यूसी डेव्हिसला बायोलॉजिकल सायन्सेसला गेले. ज्याला त्याला निबंध कसे लिहायचे आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, किती लागतो हेच विचारायचं असतं. पण बायोलॉजीच्या ट्रान्सफरचं घोडं बहुतेक वेळा अडतं ते केमिस्ट्रीपाशी, आणि तेही पहिल्याच क्वार्टरला, म्हणजे वर्षातल्या तीन सत्रांपैकी पहिल्याला.

गणित साधं आहे. जनरल केमिस्ट्रीचं एक वर्ष आणि ते झाल्याशिवाय घेता न येणारं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं एक वर्ष. डी अँझात हे कोर्स म्हणजे केम 1ए, 1बी, 1सी आणि मग 12ए, 12बी, 12सी. उन्हाळा वगळला तर दोन वर्षांत क्वार्टर सहाच मिळतात आणि कोर्सही सहाच. त्यामुळे 1एला थेट प्रवेश मिळाला नाही आणि आधी केम 25 हा तयारीचा कोर्स करावा लागला, की अख्खी रांग एक घर मागे सरकते. म्हणून बारावीचा निकाल लागल्याबरोबर प्लेसमेंटचं, म्हणजे कुठल्या कोर्सपासून सुरुवात करायची हे ठरवून घेण्याचं, काम उरकून घ्या. भारतात शिकून आला असाल तर गुणपत्रिका काउन्सेलरला दाखवून पूर्वअटीची सूट मागा. ही सूट आपोआप लागत नाही, फॉर्म भरावा लागतो. उन्हाळ्यात एखादा कोर्स उरकता येतो, पण बारा आठवड्यांची लॅब सहा-आठ आठवड्यांत कोंबलेली असते. 1ए तसा निभतो. 12बी उन्हाळ्यात घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

यूसीत प्रवेश घेण्याआधी ऑरगॅनिक किती झालेलं हवं, हे मेजर (पदवीचा मुख्य विषय) आणि कॅम्पसप्रमाणे बदलतं. मात्र सुरू केलं तर मालिका एकाच कॉलेजात संपवा. वर्षाला दोनच सत्रं असलेल्या सेमिस्टरवाल्या कॉलेजांत हा घोळ जास्त होतो. युनिट म्हणजे क्रेडिट, आणि एक सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट. एक सेमिस्टर ऑरगॅनिक केलं की तुम्ही डेव्हिसच्या पहिल्या क्वार्टरच्या पुढे आणि दुसऱ्याच्या मध्यावर कुठेतरी असता. मग तिथे दुसऱ्याला बसलात तर अर्धा भाग पुन्हा येतो, तिसऱ्याला बसलात तर अर्धा सुटलेला असतो. यूसीत बर्कली आणि मर्सेड सोडून सगळे कॅम्पस क्वार्टरवर चालतात, त्यामुळे हे आधीच बघून ठेवा.

कुठला कोर्स कशाच्या बदली चालतो हे ठरतं असिस्ट या अधिकृत संकेतस्थळावर. तुमचं कॉलेज, कॅम्पस आणि मेजर निवडलं की करार उघडतो: डावीकडे यूसीचा कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. तो नीट वाचायला हवा. दोन कोर्सांच्या मध्ये ‘अँड’ असेल तर दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय काहीच मिळत नाही. ‘ऑर’ असेल तर एक पुरे. उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ दिसलं तर त्याच्या बदली चालेल असा मान्य कोर्स तुमच्या कॉलेजात नाही असं समजायचं. तो एकतर दुसऱ्या कॉलेजात करा, नाहीतर यूसीत गेल्यावर. करार मेजरनिहाय असतात. बायोकेमिस्ट्रीला लागणारं कॅल्क्युलस आणि इकॉलॉजीला चालणारं कॅल्क्युलस एकच असेल असं धरून चालू नका. कोर्स ज्या वर्षी घेता त्या वर्षीच्या कराराची पीडीएफ उतरवून ठेवा.

नावावर जाऊन फसण्याची हमखास जागा म्हणजे डी अँझातला बायोलॉजी 10. तो बिगर-मेजर मुलांसाठी आहे. जनरल एज्युकेशनला, म्हणजे मेजरबाहेरच्या सक्तीच्या सामान्य विषयांना, चालतो, मेजरला शून्य. मेजरला 6ए, 6बी, 6सी ही मालिका लागते. नर्सिंगच्या मुलांचं अॅनाटमीही मेजरच्या तयारीत धरलं जात नाही.

जनरल एज्युकेशनचं फार मनावर घेऊ नका. त्या विषयांची ठरलेली यादी असते; 2025च्या फॉलपासून (शरदातल्या सत्रापासून) नव्या मुलांना जुन्या आयगेट्सीऐवजी कॅल-गेट्सी ही यादी आहे: 11 कोर्स, 34 सेमिस्टर युनिटं. विज्ञानवाल्यांनी वेळ कमी पडला तर आधी मेजरचे विषय उरकावेत. मात्र इंग्रजी कॉम्पोझिशनचे दोन कोर्स आणि एक गणित यांना पर्याय नाही, ते प्रवेशाच्या किमान अटीतच आहेत. किमान अट म्हणजे 60 सेमिस्टर किंवा 90 क्वार्टर युनिटं आणि कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला 2.4, बाहेरच्याला 2.8 जीपीए. या आकड्यांवर बायोलॉजी मिळेल या भ्रमात राहू नका, ती फक्त अर्ज करण्याची पात्रता आहे.

प्रवेशाची हमी देणारा टॅग हा करार डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसांशी करता येतो, पण एका वेळी एकाशीच. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांत नाहीत. अर्ज 1 ते 30 सप्टेंबरमध्ये. तोवर 30 सेमिस्टर म्हणजे 45 क्वार्टर युनिटं झालेली हवीत, म्हणजे पहिलं वर्ष भरगच्च गेलेलं हवं. काही मेजर टॅगमध्ये धरलेच जात नाहीत आणि प्रत्येक मेजरचा जीपीए वेगळा, त्यामुळे त्या वर्षाचा तक्ता बघूनच निवडा. टॅग मंजूर झाला तरी मुख्य अर्ज भरावाच लागतो, हे विसरणारी मुलं दरवर्षी निघतात.

मुख्य अर्ज 1 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर. 30 तारीख शनिवार-रविवारी आली तर मुदत सोमवारपर्यंत जाते. फी प्रत्येक कॅम्पसला 80 डॉलर, परदेशी विद्यार्थ्याला 95. ग्रेड स्वतः टाइप करायचे असतात. ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवा आणि डब्ल्यू (मध्येच सोडलेल्या विषयाचा शेरा), पुन्हा घेतलेला विषय, दुसऱ्या कॉलेजचा उन्हाळी कोर्स, सगळं जसंच्या तसं भरा. भारतात बीएस्सीचं एखादं वर्ष झालं असेल तर तेही दाखवावं लागतं. त्याला असिस्टवर बदली कोर्स नसतो, त्यामुळे त्याच्या क्रेडिटवर बेत आखू नका. मेजरचे विषय पास-नापास पद्धतीने घेऊ नका. सी किंवा वरचा ग्रेड मिळालेला विषय पुन्हा घेतला तर दुसरा ग्रेड यूसी मोजत नाही. निबंध चार, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्द. मेजरसाठी कशी तयारी केली हा प्रश्न सक्तीचा. तिथे लहानपणापासूनची आवड नको, 12ए लॅबमध्ये रीक्रिस्टलायझेशन करताना, म्हणजे स्फटिक करून पदार्थ शुद्ध करताना, हाती आलेला पदार्थ का घटला आणि पुढच्या वेळी काय बदललं हे लिहा.

जानेवारीत ट्रान्सफर अपडेट भरायचा, मुदत 31 जानेवारी. फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचा बेत त्यात जातो. स्प्रिंगमध्ये दाखवलेला विषय न कळवता सोडला तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. सोडायची वेळ आलीच तर आधी कॅम्पसला कळवा.

आपल्याकडच्या मुलांसाठी दोन गोष्टी. एफ-1वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर पूर्णवेळच्या 12 युनिटांत एकच ऑनलाइन वर्ग धरला जातो, म्हणून लॅबसकट प्रत्यक्ष वर्गाची जागा आधी पकडा. एच-4वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-1बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असाल तर रहिवासी ठरता येतं, पण 366 दिवसांचा पुरावा आणि रहिवासाचं वेगळं निवेदन यूसीत द्यावं लागतं. एकविसाव्या वाढदिवसाला एच-4 संपतो, तारीख मोजून ठेवा. रहिवासी ठरला नाहीत तर ट्यूशनवर वर्षाला 37 हजार डॉलरच्या वर जादा पडतात.

प्रवेश स्वीकारायची मुदत 1 जून, शेवटचे ट्रान्स्क्रिप्ट 1 जुलैपर्यंत. डेव्हिसला गेल्यावर पहिल्या क्वार्टरला लॅबवाले दोनच कोर्स घ्या. दहा आठवड्यांत मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येतो. बायोकेमिस्ट्रीला ऑरगॅनिक ही पूर्वअट असल्याने ज्यांची मालिका कॉलेजातच झाली त्यांना तिथे थेट नाव नोंदवता येतं, बाकीच्यांना आधी केमिस्ट्रीच्या वेटलिस्टवर उभं राहावं लागतं.